उन्हात उभी करायची गाडी

"आधी ती गाडी सावलीतून काढा," उज्ज्वला म्हणाली. "मग बोलू."

बजरंगनं व्हॅन कडुलिंबाखाली लावली होती. बीडात त्या रस्त्याला तेवढं एकच झाड उरलं होतं आणि त्याच्या बायकोनं, छबुबाईनं, ते लांबूनच हेरलं होतं. "तिथं घ्या, तिथं," असं ती दोनदा म्हणाली तेव्हा कुठं बजरंगनं स्टेअरिंग वळवलं. आता दुकानातली ही चष्मेवाली पोरगी, कानामागं टेस्टर खोचलेली, सांगत होती की गाडी काढा.

"कावून?" बजरंगनं विचारलं.

"सोलरची प्लेट घ्यायला आलात ना, काका? प्लेटच्या कोपऱ्यावर एका फांदीची सावली पडली तरी निम्मी प्लेट झोपते. ह्या गाडीला आता झाडाखाली उभं करायचं नाही. कधीच."

छबुबाईनं मागं वळून झाडाकडं पाहिलं. तिचा सारा जन्म सावली हुडकण्यात गेला होता. उसाच्या फडात सावली उसाचीच असते आणि ऊस तोडायलाच तर माणसं गेलेली असतात. जसा हात चालेल तशी सावली मागं सरकते आणि दुपारपर्यंत बांधापलीकडं जाते. मग बाया मोळ्यांच्या आडोशाला बसून भाकरी खातात. सव्वीस हंगाम तिनं अशी भाकरी खाल्ली होती. लग्नातल्या हळदीचा रंग नखांवरून जायच्या आधीच ती पहिल्यांदा फडात उतरली, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. त्यानंतर दरसाल दिवाळी झाली की गाव मागं पडायचं आणि उन्हाळा तापला की परत दिसायचं. अधले महिने कोपीत जायचे. चार बांबू, वर चटई, पाचटाचा आडोसा. वाकून आत जायचं, वाकून बाहेर यायचं. आता ती उभी राहिली तरी पाठ सरळ होत नव्हती. कोणी म्हणालं, "मावशी, सरळ उभ्या राहा की," तर तिला वाटायचं, उभीच तर आहे.

बजरंगनं गाडी उन्हात घेतली. पिवळी व्हॅन, एका शाळेतून बाद झालेली. खिडक्यांना जाळ्या तशाच होत्या. अंगावरचं शाळेचं नाव बजरंगनं विळ्यानं खरवडलं होतं, पण 'स्कूल' एवढं राहिलं होतं. आतले बाक काढून एक फळी ठोकली होती, तिच्यावर गोधडी. बाकी रिकामं.

उज्ज्वलानं टेप काढून छत मोजलं. ह्या दुकानाची ती मालकीण होती आणि मिस्त्रीही तीच. आयटीआय झालेली, सासर बीडातलंच. हाताखाली दोन माणसं होती. "राहणार किती जण?" तिनं विचारलं.

"दोघं," बजरंग म्हणाला.

"फिरायला निघालात का? हल्ली लई लोक गाडीतच घर करून फिरतात."

"व्हय, फिरायलाच," बजरंग म्हणाला. "पाच-सहा म्हईने. उसाच्या फडातनी."

उज्ज्वला हसली नाही. टेप गुंडाळत म्हणाली, "मग आधी सांगा, गाडीत काय काय चालवायचं. म्हणजे किती वॅट लागतील ते काढता येईल."

"आमची वाट कवाच लागलीय, ताई. तुमी नव्यानं काय लावनार?"

आता मात्र ती हसली, तिची माणसंही हसली, आणि बजरंगला बरं वाटलं. छबुबाईला हे ठाऊक होतं. माणसं हसली की बजरंगला घटकाभर आपण धडधाकट असल्यासारखं वाटतं. मग तो बोलत सुटला. पंखा पाहिजे. दोन बल्ब पाहिजेत. एक छोटा टीव्ही जमला तर पाहिजे. टोळीतल्या समद्यांचे मोबाईल चार्ज करता आले पाहिजेत, म्हणजे संध्याकाळी माणसं गाडीपाशी येतील, बसतील, बोलतील. उज्ज्वला एका पुठ्ठ्यावर लिहीत होती. प्रत्येक वस्तूपुढं ती विचारायची, "किती तास?" बजरंग म्हणायचा, "लागंल तसं."

"लागंल तसं चालत नाही, काका. ऊन मोजून येतं, ते मोजूनच वापरायचं."

"पाण्यावानी," छबुबाई म्हणाली. दुकानात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

"हां. टँकरच्या पाण्यासारखं," उज्ज्वलानं तिच्याकडं पाहिलं. "मावशी, तुमी सांगा. ह्यातलं कशाबिगर भागणार नाही?"

छबुबाईनं पदराआडून प्लास्टिकचा डबा काढला. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्शुलीनची बाटली होती. "हे," ती म्हणाली. "हे गार ऱ्हायला पायजे. बाकी अंधारात भागतं आमचं."

बजरंगला दिवसातून दोनदा सुई घ्यावी लागते, हे टोळीत चौघांनाच ठाऊक होतं. परमुलखात दवाखाना हुडकायचा, कागद दाखवायचे, आपली भाषा त्यांना कळायची नाही. म्हणून इथूनच हंगामभराच्या बाटल्या न्यायच्या. पण त्या ठेवायच्या कुठं? पहिल्या हंगामाला तिनं माठात ठेवून पाहिल्या. पिशवी फुटली, बाटल्यांवरचे कागद भिजून गळाले, कुठली बाटली कधीची ते कळेना. गेल्या हंगामात बजरंगनं तोड निघाली त्या कर्नाटकातल्या गावी एका कोल्ड्रिंकवाल्याशी ओळख काढली. भला माणूस होता. त्यानं पैसाही घेतला नाही, आणि औषध जास्त गार राहावं म्हणून बाटल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. त्या गोठल्या. बजरंगला हवी तेव्हा तो बाहेर काढून द्यायचा. टोचायच्या वेळेपर्यंत वितळून बाटली पहिल्यासारखी दिसायची. पाच दिवस बजरंगनं मेलेलं औषध टोचून घेतलं. सहाव्या दिवशी तो हंडाभर पाणी प्याला आणि फडातच आडवा झाला. त्याला उसाच्या ट्रॉलीवर घालून दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरनं बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "ही गोठली होती का?" छबुबाईला प्रश्न कळायलाच वेळ लागला. गारठ्यानं औषध मरतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. उन्हानं मरतं एवढंच सांगितलं होतं.

धर्मापुरीला दिलेली लेक, तेजश्री, ऐकून म्हणाली होती, "आई, त्या औषधाला घर पायजे. तुमच्यापाशी कोपी हाय." कोपीला कुलूप नसतं आणि पाचटावर प्लेट बसत नाही. म्हणून ही गाडी घेतली.

उज्ज्वलानं दोन डबे पुढं आणून ठेवले. एक हलका, देखणा, हातात धरायच्या कडीचा. दुसरा जड आणि ओबडधोबड.

"हा स्वस्त आहे," ती म्हणाली. "पण ह्याचं असं, बाहेर चाळीस असलं तर हा आत पंचवीसच्या खाली जात नाही. आणि वीज दिवसरात्र खात राहतो. हा दुसरा खरा फ्रिज. आत गार झालं की थांबतो. परत गरम व्हायला लागलं की चालू होतो. दम खातो."

"हाच," छबुबाई म्हणाली.

"अगं, किंमत तरी इचार," बजरंग म्हणाला.

"इचारते की. पन हाच."

"मावशी, ह्यात आकडा दिसतो बघा. चारवर ठेवायचा. खाली न्यायचा नाही. शून्यावर गेला की..."

"म्हाईत हाय," छबुबाई म्हणाली, आणि आकड्याकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण चारचा आकडा येत होता.

मग बॅटरीचं निघालं. बजरंग ह्याच घटकेची वाट बघत होता. त्यानं गाडीतून फडक्यात बांधलेली एक जुनी बॅटरी काढून आणली; दोन पावलं आणली आणि धापा टाकत खाली ठेवली. भावाच्या ट्रॅक्टरची होती. "हिच्यात दम हाय अजून," तो म्हणाला. "चार वर्सं झाली फकस्त. हिला एक नवी जोडा. दोगी मिळून वढतील. उगं दोन नव्या कशाला?"

उज्ज्वलानं मीटर लावला. आकडा बघितला, तारा काढल्या.

"जोडता येत नाही, काका."

"कावून? दोन तारा तर हायेत. मी जोडतो की."

"तारा जुळतात हो. पण जुनीत नवी जोडली की नवी जुनीला भरत बसते. रात्रभर. जुनी भरत नाही, गळत राहते, आणि नवी रिकामी होते. सहा महिन्यांनी दोन्ही सारख्याच मेलेल्या. लोक म्हणतात, नवी खराब निघाली." ती सहज बोलत होती, गिऱ्हाइकाला दहादा सांगितलेलं अकराव्यांदा सांगावं तसं. "दोष नवीचा नसतो. तिला जोडीच तशी मिळते."

बजरंग हसला नाही. त्यानं जुन्या बॅटरीवरची धूळ हातानं पुसली. पुन्हा पुसली. छबुबाई रस्त्याकडं बघत होती.

मुकादमाच्या तोंडी कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं पाला काढून मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची; दोघं मिळून एक कोयता. एकटं माणूस असलं तर अर्धा. अर्ध्याला टोळीत मान नाही. 'बजरंगचा कोयता' असंच सव्वीस वर्षं सगळे म्हणत आले. त्यात छबुबाई होती, जशी मुठीत कोयत्याची दांडी असते तशी.

गेले दोन हंगाम मात्र तोडायचीही तीच आणि बांधायचीही तीच. बजरंगचा हात दहा वाजेपर्यंत चालायचा. मग साखर उतरायची. कपाळाला गार घाम, डोळे भलतीकडं. ती धावत जाऊन त्याच्या तोंडात उसाचं कांडं द्यायची. लोकांना वाटायचं, बजरंग ऊस खातोय, मजेत हाय गडी. साखर चढली म्हणून सुई आणि साखर उतरली म्हणून ऊस, अशा खेपा चालायच्या त्याच्या जिवाच्या. त्याला मोळीच्या आड बसवून ती त्याच्या ओळीतला ऊस तोडायची, म्हणजे सांजेला दोघांच्या नावावर पुरता एक कोयता भरायचा. मुकादमाला कळलं असेल. कळून तो गप्प बसला असेल. मोळ्या भरत होत्या ना.

रात्री ट्रॅक्टर भरायला आला की तीच उठायची. पहाटे सुई तीच भरून द्यायची. कधी कधी ऊस तोडतानाच तिचे डोळे मिटायचे, हात चालूच राहायचा. एकदा कोयता नडगीवर बसला. ते तिनं बजरंगला सांगितलं नाही. त्यानं पाहिलं होतं, तेही त्यानं सांगितलं नाही.

"मग हिचं काय करू?" बजरंगनं विचारलं. "भंगारात घालू?"

"भंगारात कशाला?" उज्ज्वला म्हणाली. "हिला निराळी ठेवा. बल्ब लावा हिच्यावर, मोबाईल लावा. जेवढं जमतं तेवढंच मागा तिला. फ्रिजला मात्र एकच नवी, चांगली. मध्ये कुणी नको."

छतावर प्लेट बसवायला तीन तास लागले. प्लेट एकच, मोठी. दोन छोट्या बसवल्या तर तारांचे सांधे वाढतील, खडखडाटानं ढिले होतील, असं उज्ज्वलाचं म्हणणं पडलं. टीव्ही गेला. पंखा राहिला, छोटा, जुन्या बॅटरीवरचा. बजरंगनं पंख्यासाठी हट्ट धरला होता. "मला न्हाई, हिला," तो म्हणाला. "ही दुपारची झोपंल जरा." छबुबाईला हसू आलं. फडात दुपारी कोण झोपतं?

ती फळीवर बसून होती. वर छतावर ड्रिल चालू होतं आणि पत्र्याची थरथर तिच्या पाठीत उतरत होती. ते तिला आवडत होतं. तिनं भिंतीला पाठ टेकली. गाडीच्या भिंतीला पाठ टेकता येते, कोपीत ते नव्हतं. बाहेर बजरंग मिस्त्रीलोकांना सांगत होता की आपण तरुणपणी एका दिवसात किती टन ऊस तोडलाय. आकडा दरवेळी थोडा वाढायचा.

तारा जोडल्या. उज्ज्वलानं बटण दाबलं. फ्रिज आधी गप्प राहिला, मग हळूच घरघरला. छबुबाईनं बाटली फडक्यातून सोडवून आत ठेवली आणि झाकणावर हात ठेवून बसली.

तेवढ्यात बजरंगचा फोन वाजला. मुकादमाचा, मोहनरावाचा. हा मोहनराव त्यांच्याच गावचा, वडवणीचा, नात्यानं बजरंगचा चुलतभाऊ. टोळीची माणसं किती धरायची ते त्याला आजच कारखान्याला कळवायचं होतं. त्याचा आवाज एवढा मोठा की फोन कानाला न लावताही सगळ्यांना ऐकू यायचा.

"काय बे बजरंग, कुटं उलतलास? सकाळधरनं फोन लावतोय."

"बीडात हाय. सोलर बसवतोय गाडीवर."

"आं? सोलर? लेका, तोडायला निगालास का लगीन लावायला? बरं, एक कोयता धरू ना तुजा?"

बजरंगनं छबुबाईकडं पाहिलं नाही. "धरा की," तो म्हणाला. "दरसालवानी."

छबुबाई फळीवरून उठली. वाकूनच दारातून उतरली, सवयीनं, दार पुरेसं उंच असून. "द्या इकडं," ती म्हणाली. बजरंगनं फोन दिला नाही. पण तिनं तो घेतला तेव्हा त्यानं धरूनही ठेवला नाही.

"भावजी, मी छबू."

"हां बोल, वैनी."

"एक न्हाई. अर्धा धरा."

बजरंग दुकानाच्या पायरीवर बसला. उज्ज्वला तारा गुंडाळत होती, ती गुंडाळतच राहिली.

"अर्धा? म्हंजी, बजरंग येनार न्हाई?"

"येनार हाय. गाडी तेच चालवनार. गाडीत ऱ्हातील. फडात उतरनार न्हाईत."

"अगं मग कसं व्हायचं? अर्ध्याला जोडी कोन? आन् तू एकली कुनाच्या वळीत..."

"इमलबाई हाय की. ती बी एकलीच. आमी दोगी मिळून येक. आमचं आमी बगू."

विमलबाईचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. तिला दर हंगामाला कोणाच्या तरी ओळीत शिरावं लागे आणि मोळ्या कमी पडल्या की बोलणी तिलाच. छबुबाईनं तिला अजून विचारलंही नव्हतं. पण विमलबाई नाही म्हणणार नाही.

"दोन बायांचा कोयता?" मोहनराव म्हणाला. "टोळी हसंल, वैनी."

"हसू द्या. दोन सालं एका बाईचा चालला. तवा कुनी हसलं न्हाई."

पलीकडं मोहनराव खाकरला. म्हणजे त्याला कळलेलं होतं. छबुबाईला राग आला नाही. रागाला जोर लागतो.

"बजरंगला फोन दे," तो म्हणाला.

तिनं फोन पुढं केला. बजरंगनं तो घेतला आणि कानाला लावला. तिकडून "आरं, हाईस का?" असं दोनदा आलं.

"हाय," बजरंग म्हणाला. मग जरा थांबून, "ती म्हनते तसं धरा."

"बग बरं. येकदा अर्धा झालास की फुडच्या साली परत पुरता धरायचं अवघड."

"धरा म्हनलं ना."

"बरं. मग नाव काय लावू? विमलबाई लावू का?"

बजरंगनं फोन कानापासून काढून छबुबाईकडं पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा. त्याचा चेहरा उतरला होता आणि त्या उतरलेल्या चेहऱ्यावर थोडा मोकळेपणाही होता, खांद्यावरची मोळी खाली टाकल्यावर येतो तसा. आणि तो मोकळेपणा आल्याची लाजही.

"नाव इचारतोय," तो म्हणाला.

"कुनाचं?"

"कोयत्याचं. कुनाच्या नावानं धरायचा?"

छबुबाईला हे सुचलंच नव्हतं. तिनं उज्ज्वलाकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. "माजंच सांगा," ती म्हणाली. "दुसरं कुनाचं सांगता?"

"छबुबाई लावा," बजरंग फोनमध्ये म्हणाला आणि फोन बंद केला. मग पायरीवरून उठत हळूच म्हणाला, "अर्धा म्हनताना जीभ कशी उचलली तुजी?"

"लई जड झालती," छबुबाई म्हणाली. "आता इचारू नका. सुईची येळ झाली. आधी खा काहीतरी."

त्यानं गाडीत बसून भाकरी खाल्ली. तिनं सुई भरून दिली, त्यानं पोटाला टोचून घेतली. उज्ज्वलानं एका कागदावर रोज काय बघायचं ते चित्रं काढून दिलं, कारण लिहून उपयोग नव्हता: फडक्यानं प्लेट पुसणारा हात, सूर्य, चारचा आकडा. कागद बजरंगनं घेतला. "हे माजं काम," तो म्हणाला. "प्लेट मी पुशीन."

मग तो स्टेअरिंगवर बसला. छबुबाई मागं फळीवर आडवी झाली. पाय सरळ केले. पाठ हळूहळू फळीला लागली, एकेक मणका करून, आणि दुखली. डोक्याशी फ्रिज चालू झाला, थांबला.

"झोपतीस का?" पुढून बजरंगनं विचारलं.

"जरा पडते. वडवनी आली की उटवा."

"पंखा लाव की. तुज्याचसाटी घेतलाय."

तिनं हात वर केला, पण बटण कुठं आहे ते तिला दिसेना, आणि शोधायला ती उठली नाही.